एनएफएलमधील खेळाडू-सुरक्षेचे बदलते नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, सामने पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांत तिकडे स्थायिक झालेली कुटुंबे आहेत आणि येथे पहाटे उठून सामने पाहणारेही आहेत. माहिती २०२५च्या हंगामाच्या नियमांनुसार आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला हा खेळ फारसा कळत नाही. सुरक्षेचे नियम समजण्यापुरते काय माहीत असावे?

मैदान १०० यार्ड लांब असते आणि प्रत्येक बाजूने अकरा खेळाडू उतरतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर पाडणे म्हणजे टॅकल, आणि सुरक्षेचे बहुतेक वाद या एका क्रियेभोवती फिरतात. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. फेक करताना त्याचे लक्ष दूरच्या सहकाऱ्याकडे असते, त्यामुळे अंगावर येणारा माणूस त्याला अनेकदा दिसतही नाही. समोरच्या फळीतले खेळाडू सव्वाशे ते दीडशे किलो वजनाचे असतात. नियमभंग दिसताच पंच पिवळा रुमाल टाकतात. सुरक्षेशी संबंधित गुन्ह्याला साधारणपणे १५ यार्डांची शिक्षा असते. गुन्हा बचाव संघाचा असेल तर आक्रमकांना बहुधा नवे चार प्रयत्नही मिळतात. हातातून निसटत चाललेला सामना अशा एका रुमालाने फिरू शकतो, म्हणूनच या नियमांवर एवढी हमरीतुमरी होते.

२. हे नियम ठरवते कोण? खेळाडूंना त्यात मत असते का?

नियम ठरवतात ३२ संघांचे मालक. कॉम्पिटिशन कमिटी नावाची समिती प्रस्ताव आणते आणि तो संमत होण्यासाठी २४ मते लागतात. मैदानावरील नियमांबाबत खेळाडू संघटनेला मतदानाचा अधिकार नाही. ती आपले म्हणणे मांडू शकते, विरोध जाहीर करू शकते. सराव किती घ्यायचा, वैद्यकीय तपासणी कशी करायची, हंगाम किती सामन्यांचा असावा, हे विषय मात्र मालक आणि संघटना यांच्यातील सामूहिक करारात येतात आणि तेथे संघटनेच्या शब्दाला वजन असते. पुढे प्रश्न ९ मध्ये संघटनेचा विरोध डावलून झालेला नियम दिसेल, तर प्रश्न ६ मधील तपासणीची पद्धत दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेली आहे.

३. सुरक्षेचा विचार अलीकडचाच आहे का? पूर्वी सगळा रानटी कारभार होता का?

विचार जुना आहे, पण बराच काळ प्रत्येक नियम एखाद्या आपत्तीच्या मागोमाग आला. १९०५च्या हंगामात या खेळात १८ जण दगावल्याची नोंद झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली. आज जी फेक या खेळाची शान मानली जाते, ती माणसांचा ढीग एकमेकांवर कोसळू नये, मैदान मोकळे व्हावे, या हेतूने आलेली आहे.

एनएफएलमध्ये हेल्मेट सक्तीचे झाले १९४३ मध्ये. डोक्यावर थप्पड मारून समोरच्याला गांगरवून सोडण्याची युक्ती डीकन जोन्स याने नावारूपाला आणली होती. तिच्यावर १९७७ मध्ये बंदी आली. ऑगस्ट १९७८ मध्ये एका सरावसामन्यात जॅक टेटमच्या धडकेने डॅरिल स्टिंगली याला कायमचे अपंगत्व आले आणि २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चाकाच्या खुर्चीवर राहिला. त्या धडकेला पंचांनी कोणतीही शिक्षा दिली नव्हती, कारण त्या वेळच्या नियमांत ती बसत होती.

४. मग २००९नंतरच नियमांचा एवढा ओघ का सुरू झाला?

तोवर लीगची भूमिका हात झटकण्याची होती. मेंदूच्या दुखापतींसाठी १९९४ मध्ये लीगने समिती नेमली, पण तिचे अध्यक्षपद सांधेदुखीच्या विकारांचे तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांकडे दिले. २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा माजी खेळाडू माइक वेब्स्टर वारला. शवविच्छेदन करणारे नायजेरियन वंशाचे डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीईच्या खुणा आढळल्या (प्रश्न ५ पाहा). २००५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा लीगच्या समितीने तो लेख मागे घेण्याची मागणी केली.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे लीगची झाडाझडती झाली. त्याच डिसेंबरमध्ये नियम आला, की मेंदूला हादरा बसल्याची ठरावीक लक्षणे दिसली तर खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. त्यापाठोपाठ हजारो माजी खेळाडूंनी खटले भरले. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलर्सची तडजोड ठरली, पण न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ही रक्कम पुरेल याची खात्री पटत नसल्याचे सांगून ती रोखली. अखेर कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली, तडजोड जानेवारी २०१७ मध्ये लागू झाली आणि एकूण भरपाईने पुढे १०० कोटी डॉलर्सचा टप्पा ओलांडला. या भरपाईतही एक लाजिरवाणी गोष्ट दडलेली होती. स्मृतिभ्रंश मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी धरली जात होती, त्यामुळे त्यांची झालेली हानी कागदावर लहान दिसे. दोन कृष्णवर्णीय माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्याला आव्हान दिल्यावर ही पद्धत बंद झाली.

लीगला उपरती झाली असे म्हणण्यापेक्षा न्यायालय, काँग्रेस आणि शवविच्छेदनाचे टेबल या तिघांनी मिळून तिला भाग पाडले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

५. सीटीई म्हणजे काय? ‘१११ पैकी ११० खेळाडूंना’ तो होता, हे खरे का?

वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या हादऱ्यांमुळे मेंदूत टाउ नावाचे प्रथिन विशिष्ट रीतीने साचत जाते. त्या विकाराला सीटीई म्हणतात. विस्मरण, चिडचिड, नैराश्य आणि पुढे स्मृतिभ्रंश ही त्याच्याशी जोडली जाणारी लक्षणे आहेत. त्याचे खात्रीलायक निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

तो आकडा बोस्टन विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासातील आहे आणि खरा आहे. मात्र हे मेंदू दान केलेले होते. ज्या घरांना आपल्या माणसात काही बिघडल्याची शंका आली, त्यांनीच ते प्रामुख्याने दिले असणार. म्हणून ९९ टक्के खेळाडूंना हा विकार होतो असा अर्थ त्यातून काढता येत नाही. त्याच गटाचा २०२३चा अभ्यास मला नियमांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. ६३१ मेंदूंच्या त्या तपासणीत दिसले, की विकाराचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यांच्या, संख्येशी नसून संपूर्ण कारकिर्दीत डोक्याने सोसलेल्या एकूण माराशी आहे. ज्या धडकेनंतर खेळाडू उठून हसत जागेवर जातो, तीही हिशेबात जमा होत राहते. केवळ मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या धडकांवर बंदी घालणारे नियम म्हणूनच अपुरे पडतात.

६. सामन्यात डोक्याला मार लागला, तर पुढे नेमके काय होते?

स्टेडियमच्या वरच्या कक्षात बसलेले प्रशिक्षित निरीक्षक चित्रफिती पाहत असतात. एखादा खेळाडू अडखळताना दिसला, तर २०१५पासून ते थेट पंचांना सांगून खेळ थांबवू शकतात. खेळाडूला मैदानालगतच्या निळ्या तंबूत नेले जाते आणि संघाच्या डॉक्टरांबरोबर संघाशी संबंध नसलेला मज्जातज्ज्ञ त्याची तपासणी करतो. आज कोणते मैदान, मागचे गुण कोणी मिळवले, असे प्रश्न विचारतात. काही शब्द लक्षात ठेवायला सांगतात. नजर आणि तोल पाहतात. शंका उरली तर त्याला आतल्या खोलीत नेऊन सविस्तर चाचणी करतात. शुद्ध हरपणे, गोंधळणे, स्मरण जाणे, झटका येणे, तोल जाणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपतो.

पुन्हा खेळण्यासाठी पाच टप्पे असतात : विश्रांती आणि हलकी हालचाल, हृदयाची गती वाढवणारा व्यायाम, खेळाशी निगडित व्यायाम, धडकेविना सराव आणि शेवटी पूर्ण सराव. प्रत्येक टप्प्याला दिवसांची मोजणी नसते. लक्षणे परतली तर खेळाडू मागच्या टप्प्यावर जातो. अंतिम परवानगीसाठी संघाबाहेरच्या तज्ज्ञाची संमती लागते. क्रिकेटमध्ये आयसीसीने २०१९ मध्ये कन्कशनसाठी बदली खेळाडूची सोय केली, तशी येथे वेगळी करावी लागत नाही, कारण या खेळात खेळाडू केव्हाही बदलता येतो.

७. एवढी व्यवस्था असताना टुआ टागोवायलोआ याला पुन्हा खेळवले कसे?

२५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीच्या या क्वार्टरबॅकचे डोके जमिनीवर आपटले. तो उठला, डोके झटकले, दोन पावले टाकली आणि त्याचे पाय लटपटले. सहकाऱ्यांनी त्याला सावरले. तरीही तो त्याच सामन्यात परतला, कारण तोल पाठीच्या दुखण्याने गेला असे ठरवण्यात आले. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला, हाताची बोटे वेडीवाकडी आखडली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले.

चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की कागदोपत्री सर्व पायऱ्या पाळल्या गेल्या होत्या. पळवाट शब्दांत होती : तोल जाण्याचे कारण मेंदूशी निगडित नाही असे डॉक्टरांनी ठरवले, तर परवानगी देता येत असे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी ती बुजवण्यात आली. त्यानंतर हादरा बसून तोल, समन्वय किंवा बोलणे बिघडले, तर खेळाडू त्या दिवशी परतू शकत नाही.

८. किकऑफ आता एवढा विचित्र का दिसतो? सगळे पुतळ्यासारखे उभे का असतात?

किकऑफ म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करण्याची खेळी. समोरचा संघ तो चेंडू घेऊन उलट पळतो, त्याला परतवणे म्हणतात. सुरक्षेपायी खेळाचे रूप सर्वांत जास्त कोठे बदलले असेल, तर ते येथे. पूर्वी लाथ मारणारा संघ एका टोकाकडून आणि चेंडू परतवणारा संघ दुसऱ्या टोकाकडून पळत सुटे. चाळीसेक यार्डांची धाव घेऊन दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळत. मेंदूच्या दुखापतींचे प्रमाण या खेळीत इतर खेळींपेक्षा ठळकपणे अधिक होते.

लीगचा पहिला उपाय होता, ही खेळी शक्यतो होऊच द्यायची नाही. २०११ मध्ये लाथ आपल्या टोकापासून ३० ऐवजी ३५ यार्डांवरून मारायचे ठरले, त्यामुळे चेंडू थेट मैदानाच्या टोकापलीकडे जाण्याचे, म्हणजे परतावाच न होण्याचे, प्रमाण दुपटीहून अधिक झाले. पुढे आणखी सवलती देत देत २०२३ मध्ये अशी स्थिती आली, की दर पाच किकऑफपैकी जेमतेम एक परतवला जाई आणि बाकी वेळी प्रेक्षक चहा घेऊन येत.

२०२४ मध्ये एक्सएफएल या दुसऱ्या लीगची कल्पना उचलून नवी पद्धत आली. मालकांचे मतदान २९ विरुद्ध ३ होते. आता लाथ मारणारा एकटा ३५ यार्डांवर असतो आणि त्याचे दहाही सहकारी प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्ड रेषेवर उभे असतात. त्यांच्यापासून पाच यार्डांवर परतवणाऱ्यांची फळी असते. चेंडू ठरवून दिलेल्या पट्ट्यात जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत दोन्ही फळ्यांतील कोणी हलायचे नाही. धावेला अंतरच उरले नाही, त्यामुळे धडकेचा वेग घटला. पहिल्याच हंगामात परतावे सुमारे ३३ टक्क्यांवर गेले आणि मेंदूच्या दुखापतींचे प्रमाण उतरले. २०२५ मध्ये चेंडू टोकापलीकडे मारल्यास प्रतिस्पर्ध्याला थेट ३५ यार्डांवर चेंडू मिळू लागला, तेव्हा परतावे आणखी वाढले.

या साऱ्या नियमांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो पंचांच्या नजरेवर किंवा खेळाडूच्या संयमावर अवलंबून नाही.

यात एक अपवाद आहे. चेंडू जेमतेम दहा यार्ड मारून स्वतःच ताब्यात घेण्याची जुनी चाल, ऑनसाइड किक, आता आगाऊ जाहीर करावी लागते आणि ती फक्त पिछाडीवरच्या संघाला करता येते. प्रतिस्पर्ध्याला गाफील पकडण्याची मजा त्यामुळे संपली.

९. हिप-ड्रॉप टॅकलवर बंदी आहे, पण रुमाल पडलेला क्वचितच दिसतो. असे का?

धावणाऱ्याला मागून किंवा बाजूने मिठी मारायची, स्वतःचे अंग झोकून फिरवायचे आणि त्याच्या पोटऱ्यांवर किंवा घोट्यावर सगळा भार टाकायचा, अशी ही क्रिया आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बाल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजचा घोटा अशाच टॅकलने जायबंदी झाला. लीगच्या म्हणण्यानुसार या प्रकारात दुखापतीचे प्रमाण इतर टॅकलच्या वीसपट किंवा अधिक आहे. २०२४ मध्ये मालकांनी बंदी मंजूर केली, खेळाडू संघटनेने तिला जाहीर विरोध केला. पळत्या माणसाला मागून पकडल्यावर स्वतःचे वजन कोठे टाकायचे, असा बचावपटूंचा सवाल आहे आणि तो गैर नाही.

मिठी, फिरकी आणि पायांवर पडलेला भार, असे तिन्ही एका सेकंदाच्या आत दिसले तरच गुन्हा ठरतो, म्हणून मैदानावर पंच कचरतात. लीग नंतर चित्रफीत पाहून आठवड्याच्या मध्यात आर्थिक दंड करते. म्हणजे शिक्षा होते, पण ज्या संघाचा खेळाडू जायबंदी झाला त्याला सामन्यात तिचा काहीच उपयोग होत नाही.

१०. क्वार्टरबॅकला नुसता धक्का लागला तरी शिक्षा होते. हे अति नाही का?

पुष्कळदा अति होते. संरक्षण टप्प्याटप्प्याने वाढले : जानेवारी २००६ मध्ये कार्सन पामरचा गुडघा गेल्यावर पायांवरील माराबाबत, २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा गेल्यावर जमिनीवरून झेपावण्याबाबत आणि २०१८ पासून क्वार्टरबॅकवर सर्व भार टाकून पडण्याविरुद्ध कडक अंमलबजावणी. ऑक्टोबर २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी याची विसंगती समोर आली. ९ तारखेला ग्रेडी जॅरेटने ब्रेडीला कमरेला धरून साधेपणाने पाडले, तरी रुमाल पडला. १० तारखेला ख्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातून चेंडू हिसकावला आणि त्याच झटक्यात तो कारवर पडला. चेंडू जोन्सकडे असतानाही शिक्षा झाली. पडता पडता सव्वाशे किलोंचे शरीर हवेत वळवण्याची अपेक्षा नियम करतो.

दुसरी बाजूही आहे. १ डिसेंबर २०२४ रोजी जॅक्सनव्हिलचा ट्रेव्हर लॉरेन्स पाय पुढे करून घसरत असताना, म्हणजे आपण थांबलो असे जाहीर करत असताना, अझीझ अल-शाइर याने कोपराखालच्या हाताने त्याच्या डोक्यावर आघात केला. त्याला बाहेर काढण्यात आले आणि तीन सामन्यांची बिनपगारी बंदी घालण्यात आली.

बारकावा असा, की क्वार्टरबॅक पळू लागला की तो इतर धावपटूंसारखाच गणला जातो आणि पायांवरील माराचे विशेष संरक्षण संपते. तो पाय पुढे करून घसरला तर पुन्हा संरक्षित होतो. टॅकल करणारा आधीच झेपावला असेल आणि धडक टाळणे शक्य नसेल, तर गुन्हा नाही, मात्र डोक्यावर जोराचा मार असता कामा नये.

११. व्हिडिओ पाहून पंचांची चूक सुधारता येत नाही का?

अर्धीच येते. पडलेला रुमाल उघड उघड चुकीचा असेल, तर काही ठरावीक गुन्ह्यांबाबत व्हिडिओ कक्ष तो मागे घ्यायला सांगू शकतो. २०२५ मध्ये चेहऱ्याची जाळी ओढणे वगैरे प्रकारही त्यात आले. पण न पडलेला रुमाल टाकता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिनेसोटाच्या सॅम डार्नल्डला हेल्मेटची जाळी धरून पाडले गेले, ते देशभर दिसले आणि पंचांना दिसले नाही. नव्या तरतुदीनेही तो निर्णय बदलला नसता.

१२. डोक्यावरच्या त्या मऊ टोप्या खरोखर उपयोगी आहेत का?

गार्डियन कॅप नावाचे हे गुबगुबीत आवरण २०२२ पासून काही जागांवरच्या खेळाडूंना सराव शिबिरात सक्तीचे झाले, पुढे सक्तीची व्याप्ती वाढली आणि २०२४ पासून सामन्यातही ते ऐच्छिक आहे. वापरणाऱ्यांत सरावातील कन्कशन निम्म्याने घटल्याचे लीग सांगते. हा आकडा लीगचा स्वतःचा आहे, हे ध्यानात ठेवावे. कोणतेही आवरण कवटीच्या आत मेंदू हलण्याचे पूर्णपणे थांबवू शकत नाही. मला त्यापेक्षा २०११च्या सामूहिक करारातील तरतूद अधिक मोलाची वाटते : संपूर्ण हंगामात पूर्ण पॅड बांधून जास्तीत जास्त १४ सराव. प्रश्न ५ मधील एकूण माराचा हिशेब सरावातही वाढत राहतो आणि सरावाला प्रेक्षक नसल्याने तेथे कपात करताना कोणाची ओरड होत नाही.

१३. डामार हॅमलिनच्या प्रसंगात कोणता नियम मोडला गेला होता?

कोणताही नाही. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत बफेलोच्या हॅमलिनने अगदी साधे टॅकल केले, उठून उभा राहिला आणि कोसळला. हृदयाच्या ठोक्यातील एका नेमक्या क्षणी छातीवर आघात झाला, तर हृदयाची लय बिघडते. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. क्रिकेटच्या चेंडूनेही हे घडू शकते. मैदानावरच हृदयाला दाब आणि विद्युत झटका दिल्यामुळे तो वाचला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळला. येथे उपयोगी पडली ती आणीबाणीची तयारी. प्रत्येक सामन्याला सुमारे ३० वैद्यकीय कर्मचारी असतात. मुंबई-पुण्यातील किती मैदानांवर विद्युत झटका देणारे यंत्र हाताशी असते, हे तेथे खेळायला जाणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावे.

१४. सुरक्षेची एवढी काळजी, तर सामने १६चे १७ का केले?

पैशासाठी. प्रक्षेपणाचे करार मोठे झाले आणि २०२१ पासून सतरावा सामना आला. बदल्यात सरावसामने चारवरून तीन झाले. १८ सामन्यांची चर्चाही आयुक्त रॉजर गुडेल यांनी उघडपणे केली आहे. एकूण मार हाच धोका असेल, तर कोणत्याही हेल्मेटने वाचवलेला मार एक जादा सामना परत आणून ठेवतो. रविवारनंतर चारच दिवसांनी होणाऱ्या गुरुवारच्या सामन्यांबद्दलही हाच आक्षेप आहे. टागोवायलोआचे चार दिवस आठवावेत.

१५. मग या साऱ्यातून कन्कशन खरोखर कमी झाली का?

लीगच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये सराव धरून २१९ आणि २०२४ मध्ये १८२ कन्कशन झाली. २०१५ पासूनचा हा नीचांक होता. घट खरी आहे. मात्र ही निदान झालेल्या प्रसंगांची मोजणी आहे, एकूण माराची नाही.

१६. आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा शाळेच्या संघात जायचे म्हणतो. काय पाहावे?

वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये झॅकरी लिस्टेट या शाळकरी खेळाडूच्या नावाने कायदा केला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत तशा तरतुदी आल्या. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलाला बाहेर काढणे आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच परत घेणे, हा त्यांचा गाभा आहे. धडकेचा सराव आठवड्यातून किती वेळ असतो आणि मैदानावर प्रशिक्षित आरोग्यसेवक असतो का, हे प्रशिक्षकाला थेट विचारावे. उत्तर देताना तो उडवाउडवी करू लागला, तर तेच उत्तर समजावे. लहान मुलांसाठी फ्लॅग फुटबॉल हा चांगला पर्याय आहे. त्यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळला जाणार आहे.

१७. धावणाऱ्या खेळाडूनेच डोके खाली घालून धडक दिली, तर शिक्षा कोणाला?

त्यालाच व्हायला हवी. डोके झुकवून हेल्मेटने धडक देण्यावरील २०१८चा नियम आक्रमक आणि बचाव संघ, दोघांनाही सारखाच लागू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये रायन शेझियरने डोके झुकवून टॅकल केले आणि त्याच्या मणक्याला गंभीर इजा झाली. हे त्या नियमामागच्या निमित्तांपैकी एक होते. व्यवहारात धावणाऱ्यावर रुमाल क्वचितच पडतो. स्वतःला वाचवण्यासाठी अंग आक्रसणे आणि डोक्याचा शस्त्रासारखा वापर करणे यांतील फरक त्या वेगात पंचांना ठरवता येत नाही. बचावपटू हे वर्षानुवर्षे बोलून दाखवत आले आहेत आणि त्यांची तक्रार रास्त आहे.